सातारा – कास – कोयना बॅकवॉटर – चाळकेवाडी : ग्रॅव्हल बाईकने तीन दिवस, रूट सुचवा

पॅडल_पुणे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटी शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आम्ही तिघं साताऱ्याला येतोय. तिघांकडेही ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावरही चालणारी, जाड टायरची सायकल) आहेत, ४० मिमी टायर, पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) ४० दाती आणि मागे ११-४२ कॅसेट (मागच्या चाकाची ११ ते ४२ दाती गिअरचक्रं). आत्तापर्यंत सिंहगड, पानशेत, ताम्हिणी असं डांबरावरच जास्त झालंय, कच्च्यावर म्हणाल तर पानशेत धरणाच्या मागची गावं आणि मुळशीकडचे काही रस्ते. आता खरंच डोंगर-जंगलातला, गाड्या कमी असलेला, निम्मा तरी कच्चा असा रूट करायचाय.

मनातला ढोबळ प्लॅन असा: सातारा – यवतेश्वर – कास – बामणोली, तिथनं लाँचने तापोळा, तापोळ्याहून महाबळेश्वर चढायचं, मग केळघर घाट उतरून मेढा आणि परत सातारा. वेळ उरला तर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचं पठार, कारण सॅटेलाइट मॅपवर तिथे पांढऱ्या रेघांचं जाळंच दिसतंय आणि ते बघितल्यापासून झोप नाही.

आता प्रश्न. यात खरा कच्चा रस्ता किती निघतो? लाँचमध्ये सायकली घेतात का, का उगाच हुज्जत घालावी लागते? कास पठारावरून धारेधारेने सरळ महाबळेश्वरला जाणारी एक वाट मॅपवर दिसते, तिच्यावर सायकल चालते का? आणि गव्यांबद्दल बरंच ऐकलंय, घरचे त्यावरून काळजीत आहेत, तर त्याबद्दलही ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा प्लीज. राहणं-खाणं साधं चालेल, तंबू आणणार नाही, हँडलबार बॅग आणि सीटबॅग एवढंच सामान.

यवतेश्वर_रोज

या या, स्वागत आहे. मी साताऱ्यातच असतो आणि सकाळची राईड यवतेश्वर घाटातच होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो, तुमच्या प्लॅनमध्ये कच्चं फार कमी आहे. सातारा-कास-बामणोली पूर्ण डांबरी, तापोळा-महाबळेश्वर डांबरी, केळघर घाटही डांबरी. आता ते डांबर पावसाळ्यानंतर कुठे किती शिल्लक असतं हा वेगळा विषय, बामणोलीच्या उतारावर आणि तापोळ्याच्या चढावर जाड टायरचं सुख कळतंच, पण तुम्हाला जी खडी-मुरमाची चटक लागलीय ती इथे भागायची नाही. ती भागते चाळकेवाडीला. म्हणून माझं ऐकाल तर "वेळ उरला तर चाळकेवाडी" हे उलटं करा, पहिला दिवस चाळकेवाडीलाच द्या, पाय ताजे असताना.

कसं जायचं ते सांगतो. समर्थ मंदिरापाशी दोन रस्ते फुटतात, एक वर यवतेश्वरला आणि एक बोगद्यातनं सज्जनगड-ठोसेघरकडे. बोगद्यातनं बाहेर पडलं की उजव्या हाताला उरमोडी धरणाचं पाणी दिसायला लागतं, सज्जनगडाचा फाटा सोडून पुढे ठोसेघरचा चढ. ठोसेघर साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटर, तिथनं अजून थोडं चढलं की चाळकेवाडी, आणि मग एकदम डोंगर संपतो आणि सपाटी सुरू. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वरचं पठार आहे, नजर जाईल तिकडे पवनचक्क्या, आणि प्रत्येक पवनचक्कीपाशी अवजड पाती आणि क्रेन न्यायला केलेले रुंद मुरमाचे रस्ते. तुम्हाला मॅपवर दिसतात त्या पांढऱ्या रेघा म्हणजे हेच सर्व्हिस रोड. काही पक्के दाबलेले, गाडी ४० मिमीवर छान पळते, काही ठिकाणी सुटी खडी, आणि मधेमधे जांभ्याचा उघडा कातळ लागतो तो खडबडीत आहे, तिथे वेग कमीच ठेवा.

पण हे जाळं आहे आणि त्यातले निम्मे रस्ते एका पवनचक्कीच्या पायथ्याशी जाऊन संपतात, हे लक्षात ठेवा. मुख्य रस्ता वनकुसवड्याच्या अंगाने पाटणच्या दिशेला जातो. तुम्ही आधी ट्रॅक आखून फोनमध्ये ऑफलाइन टाकून आणा, वर नेटवर्कचा भरवसा नाही, आणि तरीही फाट्यावर कोणी दिसलं तर विचारा. काही रस्त्यांवर साखळी किंवा वॉचमन असतो, तिथे वाद घालायचा नाही, मागे फिरायचं, दुसरे रस्ते ढीग आहेत.

पुढे सडावाघापूरच्या बाजूला निघून तारळ्यात उतरता येतं, तारळ्यातनं हायवेला आणि हायवेच्या सर्व्हिस रोडने परत सातारा. हा मोठा दिवस आहे, सकाळी साडेसहाला निघालात तर उजेडात परत याल. नोव्हेंबरच्या शेवटी संध्याकाळी सहाला सूर्य बुडतो, पठारावर अंधारात अडकू नका, फाटे अजिबात कळत नाहीत. पाय बोलायला लागले तर पुढे न जाता चाळकेवाडीच्या आसपासच दोन-तीन तास भटकून ठोसेघरला परत उतरायचं, त्यातही पैसे वसूल आहेत.

वाऱ्याचं एक. त्या पठारावर पवनचक्क्या उगाच लावलेल्या नाहीत. पावसाळ्यात तर पश्चिमेचा वारा सायकल आडवी करतो, नोव्हेंबरात तेवढा नसतो पण दुपारनंतर त्रास देतो, म्हणून सकाळी लवकर.

खडखड_ट्यूबलेस

वरच्या दादांनी रूट सांगितलाच आहे, मी फक्त सायकलीबद्दल लिहितो, कारण या भागात सायकलीचा सगळा निकाल टायर आणि ब्रेकवर लागतो.

४० मिमी पुरेसं आहे, ४५ बसत असेल तर अजून बरं. पण टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोक आपोआप बुजवणारं पातळ सीलंट भरलेलं) केलेत का ते लिहिलं नाहीत. नसेल तर आधी करून घ्या. इथे दोन वैरी आहेत, पठारावर जांभ्याच्या धारदार कडा आणि खाली गावांच्या आसपास बाभळीचे काटे. काट्याला सीलंट पुरतं. जांभा साइडवॉल चिरतो, त्याला सीलंट पुरत नाही, प्लग किटही (भोकात बाहेरून ठासायच्या रबरी पट्ट्या) नेहमी पुरेल असं नाही, म्हणून जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा कापून सोबत ठेवा, आतनं लावून वर ट्यूब टाकली की घरी पोचता येतं. ट्यूब प्रत्येकाकडे एक हवीच. सीलंट शेवटचं कधी भरलं ते आठवा, आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत सुकून त्याच्या गोळ्या होतात, बाहेरून काहीच कळत नाही.

हवा: सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर ४० मिमीला पुढे ३० ते ३२ आणि मागे ३५ पीएसआय धरून सुरुवात करा, मग चालवून बघून कमी-जास्त. पुण्यातल्या डांबरावर ५०-६० ठेवायची सवय असते ना, ती घेऊन चाळकेवाडीला गेलात तर सुट्या खडीवर मागचं चाक नुसतं गरगरतं आणि हात-खांदे दिवसभर खिळखिळे होतात.

गिअर तुमचे ठीक आहेत. पुढे ४० मागे ४२ म्हणजे एकास एकच्या थोडं खाली, सामान कमी असेल तर तापोळा-महाबळेश्वर निभतं. त्या चढाबद्दल मनाची तयारी करा, साधारण २८ किलोमीटर आहे आणि धरणाच्या पाण्यापासून ते महाबळेश्वरच्या १३७२ मीटरपर्यंत म्हणजे निव्वळ ७०० मीटर वर. पुढे ३८ टाकता आलं तर तिसऱ्या दिवशी माझी आठवण काढाल.

ब्रेक. डिस्क असणारच, पण पॅड कुठले आहेत ते बघा. रेझिनचे असतील आणि निम्मे झिजलेले असतील तर बदलूनच या आणि एक जोडी बॅगेत ठेवा. तिन्ही दिवस मोठे उतार आहेत, कास ते बामणोली पाचशे मीटरच्या वर उतरायचं आहे आणि केळघर घाटाला वळणं आहेत. सतत ब्रेक धरून उतरू नका, वळणाच्या आधी जोरात दाबा, मग सोडा, डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो.

अजून एक छोटी वस्तू, मागच्या डिरेल्युअरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा. तुमच्या फ्रेमचा जो असेल तोच लागतो, दुसरा चालत नाही, आणि तो साताऱ्यातही मिळेल याची खात्री नाही. दीडशे ग्रॅमची सुद्धा वस्तू नाही, पण ती वाकली तर राईड तिथेच संपते. चेनची क्विक लिंकही (तुटलेली चेन जोडायची कडी) ठेवा.

कोयनाकाठ

लाँचचं मी सांगतो, माझं गाव तिकडंच, बामणोलीच्या पलीकडे पाण्याच्या कडेला. सध्या नवी मुंबईत असतो (आमच्या जावळीतली निम्मी घरं माथाडी कामामुळे इकडंच असतात) पण गणपतीला, शिमग्याला आणि भातकापणीला गावी असतोच.

सायकली लाँचमध्ये घेतात. आमची माणसं गवताचे भारे, पोती, मोटारसायकली सगळं होडीतनंच नेत आलीत, त्यामुळे सायकलीचं कुणाला नवल नाही. फक्त बोट क्लबवर आधी बोलायचं, तिघं आहात, तीन सायकली आहेत, फक्त तापोळ्याला सोडायचंय, परत यायचं नाही, हे स्पष्ट सांगायचं. भाडं माणशी नसतं तर बोटीचं असतं, त्यामुळे तिथं वासोट्याला किंवा तापोळ्याला जाणारा दुसरा ग्रुप मिळाला तर वाटून घेता येतं. शनिवार-रविवारी गर्दी असते, रविवारी बामणोलीत पोचणार असाल तर दुपारच्या आत पोचा. पेडल आतल्या बाजूला करून सायकल आडवी ठेवा आणि चेनच्या बाजूला खाली गोणपाट मागून घ्या, देतात.

वासोटा मनात असला तर सायकल बामणोलीतच ठेवावी लागेल. तो कोयना अभयारण्यात येतो, वनखात्याची परवानगी काढून बोटीनंच जायचं आणि पायीच चढायचं. तुमच्या तीन दिवसांत तो बसवू नका, त्याला वेगळा दिवस पाहिजे.

तापोळ्यात राहायला घरगुती सोय भरपूर आहे. रात्रीचं जेवण मात्र आधी फोन करून सांगा, आयत्या वेळी पोचलात तर पिठलं-भाकरी मिळेल, सांगून ठेवलंत तर धरणातला मासा आणि तांदळाची भाकरी. सकाळी पाण्यावर दाट धुकं असतं, नऊच्या आधी चढायला लागलात तर पुढं-मागं लाल लाईट लावा, जीपवाले त्या रस्त्यानं रोजचे आहेत आणि जोरात येतात.

आणि एक सांगावंसं वाटतं. तुम्ही ज्या पाण्यावरून जाणार त्याच्याखाली आमची गावं आहेत. धरणाला पाणी अडलं तेव्हा आमचे आजोबा वर सरकले, काही लोक पार ठाणे-रायगडाकडे गेले. पाणी उतरलं की मे महिन्यात जुन्या शेतांचे बांध, कुठं देवळाचा चौथरा वर येतो. गावात चहाला थांबलात तर म्हातारी माणसं बोलतील, त्यांना वेळ द्या. सायकलीवर आलेल्या माणसाशी ती मोकळेपणानं बोलतात, गाडीतनं काच खाली करून रस्ता विचारणाऱ्याशी तसं होत नाही.

डोंगरधार_८८

सगळ्यांनी छान माहिती दिलीय पण मूळ प्रश्नातला सगळ्यात भारी भाग राहिलाच. कासवरून महाबळेश्वरला धारेने जाणारी ती वाट म्हणजे जुना राजमार्ग. पूर्ण कच्चा, दोन्ही बाजूला खोल दऱ्या, एकीकडे कोयनेचं खोरं आणि एकीकडे वेण्णा-कृष्णेचा मुलूख, गाड्या शून्य. ग्रॅव्हल बाईकसाठी महाराष्ट्रात याच्या तोडीचा रस्ता नसेल. माझं म्हणणं, पहाटे उजाडायच्या आत कास गाठा, गेटवर कोणी नसतं, सुळकन निघून जा. नोव्हेंबरात फुलांचा सीझनही संपलेला असतो, कोण बघतंय.

सडा_आणि_फुलं

डोंगरधार, तुमचा उत्साह समजतो, तो रस्ता आहेच तसा. पण हा सल्ला कृपया कोणी मानू नका, आणि का ते मला नीट लिहू दे, कारण मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारांवर) असते.

कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि ही राखीव वनाची जमीन आहे. राजमार्गावर हंगामात लोक कुमुदिनी तलावापर्यंत चालत जातात ते वनखातं आणि गावांच्या समितीच्या व्यवस्थेतून. सायकल न्यायची असेल तर साताऱ्यात वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, हो म्हणाले तर जायचं, नाही म्हणाले तर नाही. पहाटे चोरून जायचं हा मार्ग नाही. उद्या एकाने व्हिडिओ टाकला की परवा पन्नास मोटारसायकली येतात, हे आम्ही इतर पठारांवर बघितलंय.

पण नियमापेक्षा मला जमिनीबद्दल सांगायचंय. नोव्हेंबरात सडा बघितला तर वाटतं इथे काहीच नाही, नुसता करपलेला कातळ आणि वाळलेलं गवत. बेसॉल्टवर जांभ्याचा थर, त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती, बस. पण त्या बोटभर मातीत पुढच्या पावसाळ्याचं सगळं बी आणि कंद झोपलेले असतात. कासवर सपुष्प वनस्पतींच्या ८५० च्या वर प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि सीतेची आसवं, कवला, गेंद, पंद हे सगळं त्या पातळ थरातूनच वर येतं. या मातीवरून चाक गेलं की ती दबते, चाकोरी पडते, पहिल्या पावसात त्या चाकोरीतून पाणी धावतं आणि माती सरळ दरीत. एकदा कातळ उघडा पडला की तिथे पुन्हा माती साठायला आपलं आयुष्य पुरत नाही.

आणि हे फक्त कासपुरतं नाही. चाळकेवाडी, वनकुसवडे, सडावाघापूर इथला सडाही त्याच जातीचा आहे. त्यामुळे तिथे जा, जरूर जा, पण चाक मुरमाच्या रस्त्यावरच ठेवा. रस्त्यात डबकं किंवा खड्डा आला तर त्यातून जा किंवा उतरून चाला, बाजूच्या गवतातून वळसा घेऊ नका. फोटोसाठी कड्यापर्यंत सायकल नेऊ नका, ती रस्त्यावर ठेवून पायी जा. ज्या रस्त्यावर आधीच ट्रक गेलेत त्यावर तुमच्या सायकलीने काही बिघडत नाही, बिघडतं ते पहिल्या नव्या चाकोरीने.

तिकडे लहान-लहान पाणसाठे दिसतील, नोव्हेंबरात अजून थोडं पाणी असतं, त्यात चेन धुऊ नका. बेडकं आणि कितीतरी कीटक त्या वीतभर पाण्यावर जगतात.

डोंगरधार_८८

ताई, जमिनीचा हा मुद्दा मला माहीत नव्हता, पटलं. राजमार्गाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. रीतसर परवानगी मागून बघतो, मिळाली तर इथे कळवीन.

पॅडल_पुणे

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. राजमार्ग यादीतून काढला. ट्यूबलेस आम्ही केलंय, सीलंट मात्र मे महिन्यातलं आहे, ते बदलतो. ३८ ची चेनरिंग शोधायला लागलोय.

आता पहिला दिवस चाळकेवाडी, दुसरा दिवस कास-बामणोली-तापोळा, तिसरा तापोळा-महाबळेश्वर-मेढा-सातारा. शेवटच्या दिवसाबद्दल थोडी शंका आहे, ७०० मीटर चढून मग केळघर उतरून मेढ्याहून पुन्हा साताऱ्यापर्यंत, हे एका दिवसात बसतं का? आणि गव्यांचं कोणी लिहिलंच नाही. घरी तोच प्रश्न आहे.

कोयनाकाठ

गव्याचं मी लिहितो, आमच्या भाताचं नुकसान तेच करतात त्यामुळे ओळख चांगली आहे.

गवा मुद्दाम अंगावर येत नाही. सकाळ-संध्याकाळ रस्ता ओलांडताना किंवा कडेला चरताना दिसतो. दिसला की थांबायचं, शंभर एक मीटर अंतर ठेवून. घंटी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, टॉर्च डोळ्यात मारायचा नाही. तो बघत उभा राहील, राहू दे. कळप असेल तर सगळा ओलांडून होईस्तोवर थांबायचं, कारण मधे शिरलं आणि पिल्लू एका बाजूला आणि आई एका बाजूला झाली तर मात्र काही खरं नाही. एकटा मोठा काळा नर असेल तर अजून जास्त अंतर. धोका खरा असतो तो उतारावर, सायकलीचा आवाज होत नाही आणि वळणावर एकदम समोर येतो. म्हणून कास ते बामणोली उतरताना जंगलातल्या वळणांना आपसात मोठ्यानं बोलत या, त्याला लांबनंच कळतं आणि तो बाजूला होतो.

अस्वल आहे, बिबट्या आहे, पण दिवसा रस्त्यावर तुम्हाला दिसणं अवघड. हा सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा आहे, २०१० ला कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून तो झाला, त्यामुळं जनावर असणारच. अंधारात सायकल चालवू नका एवढं पाळलं की घरच्यांना निश्चिंत राहायला सांगा.

मला विचाराल तर गव्यापेक्षा दोन गोष्टी सांभाळा. एक, कड्यांना आग्यामोहळं असतात, त्याच्या जवळ धूर नको, उग्र वासाचं परफ्यूम-डिओ नको, आरडाओरडा नको. दुसरं, पठारावर धनगरवाड्यांची कुत्री. म्हशी राखणारी कुत्री आहेत, धावून येतात. पळायचा प्रयत्न केला की पोटऱ्या गेल्याच म्हणून समजा. खाली उतरायचं, सायकल मधे धरायची, हळू चालायचं आणि गुराख्याला हाक मारायची. त्याची एक शीळ आली की कुत्रं मागं फिरतं.

यवतेश्वर_रोज

तिसऱ्या दिवसाचं सांगतो. बसतं, पण साडेसातच्या आसपास तापोळा सोडायला हवा. तीन-साडेतीन तास चढाला धरा, म्हणजे अकराला महाबळेश्वर. बाजारात शिरू नका, सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांच्या रांगेत तास जातो, बाहेरच कुठेतरी पोटभर खा आणि निघा. स्ट्रॉबेरी तेव्हा नुकती सुरू झालेली असते, रस्त्याकडेच्या शेतावरच घ्या. केळघर घाट उतरायला वेळ लागत नाही, मेढ्यात चहा, मेढ्याहून सातारा बऱ्यापैकी उतरतं-सपाट आहे, चारच्या सुमारास पोचाल. महाबळेश्वर ते सातारा या बाजूने ६० किलोमीटरच्या आत आहे.

मेढ्याच्या पुढे तुम्हाला कच्चं हवंच असेल तर वेण्णेच्या काठाने गावागावांत पाणंद रस्ते आहेत, उसाच्या आणि भाताच्या शेतांमधून. छान आहेत, पण तिथे काळी माती आहे. कोरडी असेल तर मजा, आदल्या दिवशी पाऊस पडला असेल किंवा कोणी शेताला पाणी सोडलं असेल तर चुकूनही जाऊ नका, ती चिकट माती टायर आणि फ्रेमच्या मधे अशी भरते की चाक फिरायचं थांबतं. मुरूम पावसानंतर तासाभरात चालवण्यालायक होतो, काळी माती दोन दिवस होत नाही. या भागात रूट ठरवताना अंतर आणि चढापेक्षा खाली माती कुठली आहे हे आधी बघायचं, मी तरी तसंच करतो.

दुसऱ्या दिवसासाठी: यवतेश्वर घाट सुरुवातीचे पाच-सहा किलोमीटरच कडक आहे, हिल मॅरेथॉन होते तोच रस्ता. वर गेलं की चढ-उतार करत कास येतं. घाई नको, कास तलावाच्या अलीकडे-पलीकडे जंगल दाट आहे, तिथे थांबा. मग बामणोलीचा उतार. वर म्हटलंय तसं दुपारच्या आत बामणोली.

आणि हो, पहिल्या दिवशी ठोसेघरला पाणी भरूनच वर जा, तीन-तीन लिटर माणशी. पठारावर सावली नाही आणि दुकानंही नाहीत.

पॅडल_पुणे

ठरलं मग. एक शेवटचं विचारतो, पुण्याहून सायकली घेऊन कसं यायचं? हायवेने चालवत यायची इच्छा नाही, ११० किलोमीटर ट्रकांच्या शेजारून आणि वर खंबाटकी. आणि मधे कुणाची सायकल बिघडली तर पठारावरून खाली यायला काही मिळतं का?

खडखड_ट्यूबलेस

रेल्वे बघा, पण सायकल पार्सलला बुक करावी लागते आणि सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीजवळ आहे, उतरल्यावर तिथनं चालवत या, जवळच आहे. गाडी सुटायच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात पोचायचं. नाहीतर पुढचं चाक काढून गाडीच्या मागे रॅकवर, तिघांना एक गाडी पुरते आणि ती साताऱ्यात मुक्कामाच्या ठिकाणी ठेवता येते. मला दुसरं सोयीचं वाटतं.

यवतेश्वर_रोज

बिघडली तर ठोसेघरपर्यंत चालत किंवा उतारावर घरंगळत या, तिथनं साताऱ्याला एसटी आणि वडाप (खासगी प्रवासी जीप) दोन्ही मिळतात. वडापवाले टपावर सायकल बांधून देतात, दोरी तुमची असली तर बरं. तारळ्याच्या बाजूला उतरला असाल तर तिथनंही हायवेला वडाप आहे. पाचनंतर मात्र फेऱ्या कमी होतात, त्यामुळे बिघाड झाला की दुरुस्तीत दोन तास घालवण्यापेक्षा लवकर निर्णय घ्या.

साताऱ्यात शुक्रवारी रात्री पोचणार असाल तर मला इथे मेसेज टाका. शनिवारी सकाळी मी बोगद्यापाशी येतो, चाळकेवाडीपर्यंत सोबत करतो आणि पुढचे फाटे दाखवून परत फिरतो.